आईचा अर्धा तास

मातेच्या दुधाची स्तुति करण्यांत आपला समाज कधींच मागें राहिलेला नाहीं. आईच्या दुधाचे पांग फेडण्याची भाषा आपण बोलतों; 'आईचें दूध प्याला असशील तर पुढें ये' असें आव्हान देतों; एखाद्यानें भ्याडपणा केला तर त्यानें आईच्या दुधाला लाज आणली असें म्हणतों. परंतु तें दूध कोणीं, कोठें, कोणत्या वेळीं आणि किती अडचणींत पाजलें, हा प्रश्न आपल्या मनांत सहसा उभा राहत नाहीं. स्तुति पुष्कळ आणि चौकशी थोडी, असा हा प्रकार आहे. ती चौकशी प्रस्तुत लेखांत थोडीशी करावी असा विचार आहे. अंगावर पाजणाऱ्या आईचा इतिहास म्हणजे केवळ चालीरीतींचा किंवा औषधपाण्याचा इतिहास नव्हे. तो मुख्यतः वेळेचा आणि जागेचा इतिहास आहे, आणि त्याचें माप शतक हें नसून अर्धा तास हें आहे, असें आम्हांस वाटतें. हें विधान प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटेल. म्हणून एका साध्या देखाव्यापासून आरंभ करूं.

कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यांत पेठ वडगांव हें बाजाराचें गांव आहे. 'पेठ' हा शब्द त्याच्या नांवाला उगाच चिकटलेला नाहीं. आठवड्याच्या बाजाराला आसपासच्या खेड्यांतून माणसें येतात. भाजीपाला, मिरची, धान्य, जनावरें येतात. भाजी विकणाऱ्या बायकांच्या रांगेंत एखादी लेकुरवाळी असतेच. गिऱ्हाईक पुढें उभें आहे, हातांत तागडी आहे, आणि मूल रडूं लागलें आहे. ती पाटीच्या आडोशाला थोडी वळते, मुलाला पदराखालीं घेते, आणि 'मावशी, मेथी कशी दिली?' ह्या प्रश्नाला मान वर न करतां उत्तर देते. तिचा पदर हीच तिची खोली, आणि दोन गिऱ्हाइकांमधली उसंत हाच तिचा वेळ. हा देखावा आपण इतक्या वेळां पाहिलेला असतो कीं, त्यांत कांहीं इतिहास असेल हें ध्यानींच येत नाहीं.

ह्याच वडगांवांत सेनापति धनाजी जाधव यांची समाधि आहे. १७०८ सालीं त्यांचा अंत येथें झाला. सेनापतींचीं नांवें, त्यांच्या स्वाऱ्या आणि तह हीं सर्व आपणांस पाठ असतात. त्यांना ज्यांनीं पाजलें-पोसलें त्या स्त्रियांविषयीं मात्र बखरी बहुधा मौन धरतात. ह्या मौनाला मराठ्यांच्या इतिहासांत एक ठळक अपवाद आहे. १६५७ सालीं पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. मातोश्री सईबाई यांची प्रकृति ढासळली होती, आणि दोनच वर्षांनीं, १६५९ सालीं, त्या निवर्तल्या. तेव्हां ह्या राजपुत्राला दूध पाजण्यासाठीं कापूरहोळच्या गाडे घराण्यांतील धाराऊ हिची योजना झाली. महाराष्ट्रानें तिचें नांव कृतज्ञतेनें जपलें, आणि तिचे मुलगे राजाचे दूधभाऊ म्हणून ओळखले गेले. गोष्ट गौरवाची आहे यांत शंका नाहीं. तथापि तिच्यावरून एवढें दिसतें कीं, राजवाड्याला गरज पडली म्हणजे दुधाची व्यवस्था होऊं शके. त्यासाठीं माणूस, मान आणि मोबदला हीं तिन्ही उभीं राहत. व्यवस्था अशक्य होती असें नव्हे. ती कोणासाठीं करावयाची, एवढाच प्रश्न होता.

त्या प्रश्नाची दुसरी बाजू हिरकणीच्या कथेंत आहे. ही कथा लोकपरंपरेची. तिला कागदपत्रांचा आधार मागणें योग्य होणार नाहीं. पण लोकांनीं ती पिढ्यान् पिढ्या सांगितली, यावरून तींत कांहीं खरें दुखणें आहे हें उघड होतें. रायगडाच्या पायथ्याची ही गवळण गडावर दूध घालावयास गेली. सायंकाळ झाली, दरवाजे बंद झाले. घरीं तान्हें मूल. पहारेकऱ्यांची विनवणी केली. पण वेळ झाल्यावर दरवाजा उघडावयाचा नाहीं हा नियम. तेव्हां ती अंधारांत कडा उतरून गेली. महाराजांना हें कळलें तेव्हां त्यांनीं तिचा सन्मान केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधविला. आपण ही कथा मुलांना सांगतों ती आईच्या धैर्याची म्हणून. ती तशी आहेच. पण पुन्हां एकदां वाचून पाहिली म्हणजे तींतील दोन गोष्टी मनाला टोंचतात. पहिली ही कीं, जी बाई सबंध गडाला दूध पुरवीत होती, तिच्याच मुलाचें दूध त्या रात्रीं दरवाजाआड अडकलें. आणि दुसरी ही कीं, कथेच्या शेवटीं बुरूज झाला, म्हणजे ती वाट कायमची बंद झाली. परंतु पाजत्या आईसाठीं दरवाजा उघडावा असा नियम झाल्याचें कथा सांगत नाहीं. यांत कोणा राजाला दोष देण्याचा हेतु नाहीं. किल्ल्याच्या रक्षणाला नियम हवेतच. ज्या समाजानें ही कथा रचली आणि जपली, त्याला आईचा पराक्रम दिसला आणि तिची अडचण दिसली नाहीं, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

मग सामान्य घरांत काय व्यवस्था होती? ती मुळींच नव्हती असें म्हणणें अन्यायाचें होईल. पहिलें बाळंतपण माहेरीं, ही आपली चाल केवळ लाडाची नव्हे. सव्वा महिना विश्रांति, शेकशेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, खारीक-खोबरें, अनुभवी आईचा किंवा आजीचा हात, हें सर्व नव्या आईला दूध यावें आणि तिनें निर्धास्तपणें मूल पाजावें म्हणून उभें केलेलें साह्यच होय. पाजावें कसें, मूल छातीला लागत नसेल तर काय करावें, गांठी आल्या तर कसें शेकावें, हें ज्ञान पुस्तकांत नव्हतें. तें माजघरांत होतें. मात्र त्या ज्ञानांत एक मोठी चूकही होती. पहिल्या दोन-तीन दिवसांचें पिवळसर घट्ट दूध, म्हणजे चीक, अपायकारक समजून अनेक घरांत पिळून टाकीत, आणि मुलाला मध किंवा गुळाचें पाणी चाटवीत. गाईम्हशीच्या चिकाचा खरवस आपण शेजारीं वाटून आवडीनें खातों, आणि मानवी आईचा चीक मात्र टाकून देतों, ही विसंगति कोणाच्या ध्यानांत आली नाहीं! ह्या चिकांत रोगप्रतिकाराचें मोठें बळ असतें, आणि जन्मल्यापासून तासाभरांत मूल छातीशीं लावावें, हें आज दवाखान्यांतील परिचारिका आणि गांवोगांवच्या अंगणवाडी-सेविका घरोघर सांगत असतात.

शिवाय ही माहेरची व्यवस्था जेथें सव्वा महिना चूल आणि शेत दुसरें कोणी सांभाळूं शके, तेथेंच चाले. जिची मजुरी बुडाली कीं चूल बुडाली, तिला सव्वा महिना कोठला? आणि कापडगिरण्यांचीं धुरांडीं उभीं राहिल्यावर ह्या प्रश्नानें भयंकर रूप घेतलें. घाटावरचीं आणि कोंकणांतलीं कुटुंबें मुंबईस गेलीं, आणि बायका गिरण्यांत दिवसाचे दहा-दहा तास उभ्या राहूं लागल्या. शेतांत झाडाला झोळी बांधून मूल जवळ ठेवतां येई. गिरणीच्या फाटकांतून झोळी आंत जात नसे. मग चाळींतील खोलींत मूल दिवसभर शांत निजावें म्हणून त्याला अफूची बाळागोळी देण्याची रीत पडली. १९२२ च्या सुमारास मुंबई सरकारनें नेमलेल्या डॉक्टर बार्न्स ह्या बाईंनीं गिरणीकामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हां अशा आयांच्या शेंकडा ९८ मुलांना अफू दिली जाते असें त्यांनीं नमूद केलें. १९२१ सालीं मुंबई शहरांत अर्भकमृत्यूचें प्रमाण नोंदींप्रमाणें हजारीं ६०० हून अधिक होतें. पुष्कळ बायका बाळंतपणासाठीं गांवीं जात, त्यामुळें जन्माची नोंद एकीकडे आणि मृत्यूची मुंबईंत असें होई, हें लक्षांत घेऊन हा आंकडा थोडा कमी धरला तरी तो अंगावर कांटा आणणाराच आहे. त्या आयांना आपण निर्दय म्हणावें काय? गोळी त्यांनीं दिली हें खरें. पण त्यांना दोन वेळां घरीं जाऊन मूल पाजण्याची मोकळीक असती, तर ती गोळी किती जणींनीं दिली असती?

हीच मोकळीक १९१९ सालीं प्रथम आंतरराष्ट्रीय कराराच्या भाषेंत मांडली गेली. वॉशिंग्टन येथें भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें असें ठरविलें कीं, बाळंतपणापूर्वीं आणि नंतर सहा-सहा आठवडे विश्रांति मिळावी, आणि मूल अंगावर पीत असेल तर आईला कामाच्या वेळांत दिवसांतून दोनदां अर्धा-अर्धा तास सुटी असावी. ज्या अर्ध्या तासाविषयीं आम्ही आरंभीं बोललों, तो हाच. त्या परिषदेला हिंदी कामगारांचे प्रतिनिधि म्हणून नारायण मल्हार जोशी हजर होते. जोशी हे कुलाबा जिल्ह्यांतील गोरेगांवचे, म्हणजे रायगडाच्याच मुलखांतले. हिरकणीची कथा त्यांनीं लहानपणीं ऐकली नसेल असें कोण म्हणेल? १९२४ सालीं त्यांनीं मध्यवर्ती कायदेमंडळांत बाळंतपणाच्या भत्त्याचें बिल आणलें. देश अद्याप तयार नाहीं, खर्च कोणीं सोसावयाचा, अशा आक्षेपांपुढें तें पुढल्या वर्षीं पडलें.

परंतु प्रश्न मिटला नाहीं. १९२८ सालीं मुंबई कौन्सिलांत तसेंच बिल आलें, आणि जुलै महिन्यांतील चर्चेंत डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनीं त्यास पाठिंबा दिला. बाळंतपणापूर्वीं व नंतर आईला विसांवा मिळणें ही तिच्यावर मेहेरबानी नसून त्यांत राष्ट्राचेंच हित आहे; ह्या खर्चाचा मोठा भार वास्तविक सरकारनें उचलावयास हवा, तथापि जो मालक तिच्या श्रमाचा लाभ घेतो त्यालाही त्यांतून सुटतां येणार नाहीं, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. येथें वडगांवच्या वाचकाला एक गोष्ट आठवेल. त्याआधीं आठच वर्षें, मार्च १९२० मध्यें, हातकणंगले तालुक्यांतल्याच माणगांव येथें बहिष्कृतांची परिषद भरली होती. डॉक्टर आंबेडकर तिचे अध्यक्ष होते आणि शाहू महाराज स्वतः तेथें आले होते. १९२९ सालीं मुंबईचा कायदा मंजूर झाला. कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रीला बाळंतपणाच्या आगेंमागें मिळून सात आठवडे, रोज आठ आणेप्रमाणें भत्ता मिळूं लागला. रक्कम लहान होती. पण बाळंतिणीची विश्रांति ही प्रथमच माहेरची माया न राहतां कायद्याची बाब झाली.

माणगांव आणि वडगांव येथील बायकांना मात्र ह्या कायद्याचा उपयोग नव्हता, आणि तो दोन कारणांनीं. पहिलें कारण राज्याच्या सीमेचें. कोल्हापूर हें संस्थान होतें. मुंबई कौन्सिलानें केलेला कायदा संस्थानी मुलखाला आपोआप लागू होत नसे. १ मार्च १९४९ रोजीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें आणि ही सीमा पुसली गेली. दुसरें कारण मात्र त्या दिवशींही पुसलें गेलें नाहीं. कायदा कारखान्यापुरता होता. आणि वडगांवची बाई कारखान्यांत नव्हती. ती शेतांत भांगलण करीत होती, बाजारांत पाटी घेऊन बसली होती, दुसऱ्याच्या घरीं धुणीं धूत होती. तिला मालक नव्हता, किंवा रोज नवा मालक होता. मग भत्ता कोणाकडे मागावा?

स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यांनीं पुष्कळ पल्ला गांठला, हें मोकळ्या मनानें सांगितलें पाहिजे. १९४८ च्या कारखाना कायद्यानें पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत पाळणाघर आवश्यक केलें. १९६१ च्या मातृत्व-लाभ कायद्यानें मूल पंधरा महिन्यांचें होईपर्यंत दिवसांतून दोनदां पाजण्याची सुटी स्पष्ट शब्दांत दिली. मौज अशी कीं, खाणी व सर्कशी यांकरितां १९६३ सालीं जे नियम झाले, त्यांत ही सुटी प्रत्येकीं पंधरा मिनिटांची ठरली. वॉशिंग्टनचा अर्धा तास हिंदुस्थानांत पोंचेपर्यंत पाव तास झाला! २०१७ सालीं रजा २६ आठवड्यांची झाली, म्हणजे पहिले सहा महिने केवळ आईचें दूध द्यावें ह्या वैद्यकाच्या आग्रहाशीं ती प्रथमच जुळली. आणि पुढें ह्या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत गोंविल्या गेल्या.

दुसऱ्या बाजूनें बाजारालाही लगाम घालावा लागला. डब्याच्या दुधाच्या जाहिरातींतील गुबगुबीत बाळानें शिकलेल्या घरांत जो प्रवेश केला, त्याला सुशिक्षित वर्गाची मासिकेंही थोडींबहुत कारण झालीं, हें कबूल करणें प्रामाणिकपणाचें आहे. १९८१ सालीं जागतिक आरोग्य सभेनें ह्या विक्रीसंबंधीं आचारसंहिता केली, आणि १९९२ सालीं आपल्या देशांत अशा जाहिरातींना बंदी करणारा कायदा झाला. ह्या कामांत महाराष्ट्राचा वांटा अभिमानाचा आहे. स्तनपानाचा पुरस्कार करणारी अखिल भारतीय संस्था १९९१ सालीं वर्ध्यास स्थापन झाली. आणि त्याआधीं, १९८९ सालीं, मुंबईच्या शीव रुग्णालयांत डॉक्टर आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकारानें आशियांतील पहिली मातृदुग्धपेढी निघाली. अपुऱ्या दिवसांच्या बालकांना तेथें दुसऱ्या आयांचें दूध मिळूं लागलें. धाराऊची योजना एका राजपुत्रासाठीं झाली होती. येथें ती कोणाच्याही बाळासाठीं झाली.

एवढें होऊनही आपण वडगांवच्या बाजारांत परत आलों तर पाटीमागची आई जवळजवळ तेथेंच बसलेली दिसते. २०१३ च्या अन्न-सुरक्षा कायद्यानें तिचा किमान ६,००० रुपयांचा हक्क मान्य केला. २०१७ पासूनच्या मातृवंदना योजनेंत पहिल्या अपत्याकरितां ५,००० रुपये हप्त्यांनीं मिळतात. बाजाराबाहेर उसाचे मळे आहेत. गळिताच्या हंगामांत बीडकडून तोडणीकामगारांचीं जोडपीं येतात. नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो, आणि एक दिवस काम बुडालें तर खाडा धरला जातो. पांचटाच्या खोपींत किंवा फडाच्या बांधावर तान्हें मूल असतें, आणि मोळी बांधून झाल्यावर आई त्याच्याकडे धांवते. ह्याच जिल्ह्यांत १९६३ पासून सहकारी दूधसंघ उभा आहे. गांवोगांव म्हशीचें दूध सकाळ-संध्याकाळ मापून, त्यांतील फॅट पाहून, पैन् पै चुकती केली जाते. म्हशीच्या दुधाचा एवढा चोख हिशेब ठेवणाऱ्या मुलखांत आईच्या दुधाला लागणाऱ्या वेळाचा हिशेब कोणाच्याच वहींत नाहीं.

एस. टी. च्या स्थानकांवर अलीकडे 'हिरकणी कक्ष' अशी पाटी दिसूं लागली आहे. नांव सुंदर आहे आणि कल्पना योग्य आहे; बुरुजानंतर निदान खोली तरी आली. परंतु पाटी लावणें आणि खोली चालविणें ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. डिसेंबर २०२२ मध्यें देवळालीच्या आमदार सरोज अहिरे आपलें अडीच महिन्यांचें मूल घेऊन नागपूरच्या अधिवेशनास आल्या, तेव्हां साऱ्या महाराष्ट्रानें कौतुक केलें. पुढल्याच अधिवेशनांत, मुंबईच्या विधानभवनांत, हिरकणी कक्षाची दुरवस्था पाहून त्यांना जाहीर तक्रार करावी लागली. ज्या कायदेमंडळाच्या पूर्वजानें १९२९ चा कायदा केला, त्याच्याच इमारतींत एका आमदाराची जर ही कथा, तर बाजारांतील मावशीनें कोणाकडे जावें?

उपाय मोठे नाहींत. बाजाराच्या ओट्यांजवळ एक सावलीची, पाण्याची, आंतून कडी असलेली खोली. उसाच्या फडाजवळ हंगामापुरतें पाळणाघर. आणि मूल पाजावयास गेलेल्या मजूर बाईचा खाडा न धरण्याचा साधा नियम. ह्या गोष्टी नगरपरिषदेला, बाजार समितीला आणि साखर कारखान्याला न पेलणाऱ्या नाहींत.

पण सर्व भार संस्थांवर टाकून आम्हांस मोकळें होतां येणार नाहीं. हा लेख ज्या घरांत वाचला जाईल, त्या बहुतेक घरांत सकाळीं धुणींभांडीं करावयास एक बाई येत असेल. तिला उशीर झाला तर आपण घड्याळाकडे पाहतों. तिचें धाकटें मूल किती महिन्यांचें आहे, तें कोणाजवळ ठेवून ती आली आहे, आणि मधल्या वेळांत त्याला कोण पाजतें, हें आपल्यापैकीं किती जणांनीं विचारलें आहे? तिच्या कामाच्या वेळा तिच्या मुलाच्या भुकेप्रमाणें थोड्या मागेंपुढें करण्यास कोणत्याही कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. रायगडचा दरवाजा उघडणें एका पहारेकऱ्याच्या हातीं नव्हतें. आपल्या घराचा दरवाजा मात्र आपल्याच हातीं आहे. त्या बाईला अर्धा तास आधीं घरीं जाऊं दिलें, तर हिरकणीची कथा आपल्याला थोडीतरी समजली असें म्हणतां येईल.